मग छापलंत कशाला?

फेब्रुवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. रात्री साडेअकराच्या सुमारास सांगलीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. अशा अवेळी आलेला फोन उचलताना हात जरा थबकतोच. पलीकडून आवाज आला, ‘‘दादा, तू इतकी वर्षं पेपरात काढलीस. खरं सांग, अमेरिकेत ते चिनी ॲप घेतलं तर वीस वर्षं तुरुंगात टाकतात का रे?’’

तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, अमेरिकेतल्या एका विद्यापीठात संगणकशास्त्र शिकतो. शिकतो म्हणजे बापाने घर तारण ठेवून काढलेल्या कर्जावर शिकतो. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप समूहावर कुणीतरी एक बातमी टाकली होती. ‘डीपसीक डाऊनलोड केल्यास वीस वर्षे तुरुंगवास, दहा लाख डॉलर दंड’. खाली अमेरिकन सिनेटच्या इमारतीचे छायाचित्र होते. घुमट, पायऱ्या, झेंडा, सगळे खरे. बहिणीने घाबरून मुलाला फोन लावला होता, पण त्याने ती बातमी आधीच वाचली होती आणि तो आईपेक्षा जास्त घाबरला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याशी बोललो. गेले आठ-दहा दिवस तो डीपसीकच्या एका लहान प्रारूपाला मराठीतली शाब्दिक गणिते घालून पाहत होता. ‘एका टाकीला दोन नळ आहेत’ या जातीची, आपल्या चौथी-सातवीच्या शिष्यवृत्तीच्या पुस्तकातली गणिते. कुठे भाषा कळते, कुठे गणित चुकते, याच्या नोंदी तो ठेवत होता. त्यातून त्याचा सत्राचा प्रकल्प उभा राहणार होता. बातमी वाचल्यावर त्याने काय केले? प्रारूप पुसून टाकले. उत्तरे पुसली, नोंदीही पुसल्या. ‘‘मामा, मी व्हिसावर आहे. मला रिस्क नको होती,’’ एवढेच तो म्हणाला.

जो कायदा झालेलाच नव्हता, त्याने माझ्या भाच्याचे काम नष्ट केले होते. किंबहुना कायद्याने नव्हे, एका मथळ्याने.

आधी ते विधेयक काय होते ते पाहू. चीनमधल्या डीपसीक या कंपनीने २० जानेवारी २०२५ रोजी ‘आर-वन’ हे आपले प्रारूप जाहीर केले आणि ते कुणीही उतरवून घ्यावे, वापरावे, बदलावे अशी मुभा दिली. आठवड्याभरात तिचे ॲप अमेरिकेतल्या आयफोनधारकांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. २७ जानेवारीला एनव्हिडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीचा समभाग एका दिवसात सुमारे १७ टक्क्यांनी कोसळला आणि तिच्या बाजारमूल्यातून ५८० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम उडाली. अमेरिकेला हा धक्का होता आणि राजकारणी माणूस धक्क्याची संधी सहसा दवडत नाही. २९ जानेवारीला मिसुरी राज्याचे रिपब्लिकन सिनेटर जॉश हॉली यांनी एक विधेयक सादर केले. चीनमध्ये तयार झालेले कृत्रिम बुद्धिमत्तेचे तंत्रज्ञान अमेरिकेत आणण्यास बंदी, अमेरिकेतले तिकडे पाठवण्यास बंदी, तिथल्या संस्थांबरोबर संशोधनास बंदी आणि तिथल्या अशा उद्योगात पैसे गुंतवण्यासही बंदी, असा त्याचा एकूण रोख.

आता ‘वीस वर्षे’ कुठून आली? शिक्षेसाठी या विधेयकाने २०१८ च्या निर्यात नियंत्रण कायद्यातल्या तरतुदींचा आधार घेतला होता. त्या कायद्यात जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला वीस वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख डॉलरपर्यंत दंड आहे. हा कायदा मुळात शस्त्रोपयोगी तंत्रज्ञान चोरून परदेशी विकणाऱ्यांसाठी. मसुद्याचा शब्दशः अर्थ लावला तर इंटरनेटवरून प्रारूप उतरवून घेणे हीसुद्धा ‘आयात’ ठरू शकेल, असे काही जाणकारांनी म्हटले. तेव्हा बातमी निखालस खोटी होती असे मी म्हणणार नाही. तिच्यात खऱ्याचा एक धागा होता. पण आयातबंदीचे कलम कायदा झाल्यानंतर १८० दिवसांनी लागू व्हायचे होते, शिक्षा ‘जाणूनबुजून’ या शब्दाला बांधलेली होती आणि मुख्य म्हणजे हे सगळे विधेयक मंजूर झाले तर होते. त्या ‘तर’ला मथळ्यात जागा मिळाली नाही. बातमीच्या सहाव्या-सातव्या परिच्छेदात ती मिळाली असेल, पण व्हॉट्सॲपवर सहावा परिच्छेद जात नाही.

आपल्याकडचा वाचक फसतो त्याला आणखी एक कारण आहे आणि त्याचा फारसा विचार होत नाही. ‘विधेयक’ हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या वस्तूंसाठी वापरतो. आपल्या संसदेत विधेयक आले म्हटले की मनात येते ते सरकारी विधेयक. मंत्री ते मांडतो, मागे बहुमत उभे असते आणि ते मंजूर होईल हे सहसा गृहीतच असते. अमेरिकेत मंत्री हे सभागृहाचे सदस्यच नसतात. तिथे प्रत्येक विधेयक कुणा ना कुणा सदस्याच्या नावाने येते; आपल्या हिशेबाने बोलायचे तर सगळीच खासगी विधेयके. सदस्याने कागद दिला की त्याला क्रमांक मिळतो, तो एखाद्या समितीकडे जातो आणि बहुतेकदा तिथेच त्याचा प्रवास संपतो. २०२३-२४ या दोन वर्षांच्या काँग्रेसमध्ये १५ हजारांहून अधिक विधेयके सादर झाली, त्यांतून पावणेतीनशेच्या आसपास कायदे झाले. शंभरात दोनही नाहीत. दोन वर्षांची मुदत संपली की उरलेली सगळी आपोआप बाद. हॉली यांचे विधेयक न्यायविषयक समितीकडे गेले. २०२५ साल सरले तरी त्यावर सिनेटमध्ये मतदान झाले नव्हते.

ही तऱ्हा पहिल्यांदा घडली असेही नाही. मार्च २०२३ मध्ये डेमोक्रॅट मार्क वॉर्नर आणि रिपब्लिकन जॉन थून यांनी परकीय तंत्रज्ञानावर निर्बंध घालण्याचे अधिकार सरकारला देणारे विधेयक आणले होते. त्यातही वीस वर्षे होती, त्यातही दहा लाख डॉलर होते. तेव्हाची हाकाटी अशी की, व्हीपीएन वापरून टिकटॉक उघडणाऱ्या पोरासोरांना वीस वर्षे आत टाकणार. सामान्य वापरकर्ता हे आपले लक्ष्य नाही, असा खुलासा वॉर्नर यांच्या बाजूने करण्यात आला. या विधेयकाला दोन्ही पक्षांतल्या अनेकांचा पाठिंबा होता, तरी ते पुढे सरकले नाही. पण ते सरकले नाही ही बातमी कुठे वाचल्याचे तुम्हाला आठवते का? मलाही आठवत नाही. विधेयकाच्या बारशाला सगळा गाव लोटतो. दहाव्याला मात्र कुणी फिरकत नाही.

मग अशा विधेयकांकडे दुर्लक्षच करावे काय? इथे मला स्वतःलाच अडवावे लागते. याच हॉली यांनी २०२० मध्ये, सरकारी उपकरणांवर टिकटॉक नको, असे विधेयक आणले होते. तेव्हा पुष्कळांनी त्याला प्रसिद्धीची हौस म्हटले. डिसेंबर २०२२ मध्ये ती तरतूद एका भल्या मोठ्या अर्थसंकल्पी कायद्याच्या पोटात शिरून कायदा झाली. आज हास्यास्पद वाटणारा कागद उद्याच्या कायद्याचा कच्चा मसुदा असू शकतो. त्यामुळे पत्रकाराने तो वाचायला हवा, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्याचे वजन करण्याचा.

आणि वजन करता येते. मार्च २०२४ मध्ये टिकटॉकच्या मालकीबद्दलचे विधेयक आले, तेव्हा ते वेगळ्या जातीचे आहे हे दोन दिवसांत कळत होते. दोन्ही पक्षांचे सदस्य सूचक होते. समितीत ५० विरुद्ध शून्य असे मतदान झाले. आपल्यापर्यंत आले तर सही करू, असे अध्यक्ष बायडेन यांनी सांगून टाकले. आठवड्याभरात प्रतिनिधिगृहात ३५२ विरुद्ध ६५ मतांनी ते मंजूर झाले आणि २४ एप्रिलला कायदा झाला. शिवाय दंड कुणाला? ॲप वाटणाऱ्या दुकानांना आणि ते साठवणाऱ्या कंपन्यांना. नाच करून चित्रफीत टाकणाऱ्या पोराला त्यात काडीची शिक्षा नव्हती. बरे, कायदा झाला म्हणून तरी ॲप बंद झाले का? १७ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, ॲप काही तास काळोखात गेले आणि २० तारखेला नव्या अध्यक्षांनी पहिल्याच दिवशी ७५ दिवसांची मुदत देऊन टाकली. पुढे मुदतीवर मुदत. विधेयक, कायदा आणि अंमल यांच्यात एवढी अंतरे असतात. त्यातल्या पहिल्याच पायरीवर उभे राहून शेवटच्या पायरीची बातमी देणे, हा आमच्या धंद्याचा जुना रोग आहे.

‘आमच्या’ हा शब्द मी जाणून वापरला. नव्वदच्या दशकात मी एका दैनिकात उपसंपादक होतो, बहुतेक काळ रात्रपाळीला. एका अधिवेशनात विरोधी पक्षाच्या एका आमदाराने भाडेकरूंना खोल्यांची मालकी मिळावी अशा अर्थाचे अशासकीय विधेयक मांडले. बातमी रात्री उशिरा आली. पान लावायची घाई होती. मी दोन कॉलमी मथळा दिला, ‘भाडेकरू होणार खोलीचे मालक’. मूळ प्रतीत ‘प्रस्तावित’ हा शब्द होता. तो कॉलमात बसेना म्हणून काढला. जोडाक्षरांनी भरलेला चार अक्षरी शब्द तो, जागा फार खातो. ‘व्हावेत’च्या जागी ‘होणार’ केले, कारण ‘होणार’ला धार असते.

तिसऱ्या दिवशी दुपारी गिरगावातले एक वृद्ध गृहस्थ कार्यालयात आले. अंगात धुवट सदरा, हातात छत्री, खिशात आमच्या अंकातले कात्रण. घडी घालून घालून त्याच्या कडा मऊ झाल्या होत्या. ‘‘हा कायदा कधीपासून लागू?’’ त्यांनी विचारले. मालकाने खोली सोडण्यासाठी देऊ केलेली रक्कम त्यांनी कात्रणाच्या भरवशावर नाकारली होती. मी त्यांना अशासकीय विधेयक म्हणजे काय, ते का मंजूर होत नाही, हे समजावून सांगितले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, ‘‘तुम्हाला ठाऊक होतं की होणार नाही?’’ मी हो म्हटले. ते म्हणाले, ‘‘मग छापलंत कशाला?’’

पुढे त्यांचे काय झाले मला ठाऊक नाही. प्रश्न मात्र राहिला.

त्याचे प्रामाणिक उत्तर द्यायचे तर असे आहे. छापले, कारण आमदाराला ते छापून यायला हवे होते आणि आम्हाला छापायला काहीतरी हवे होते. विधेयक मांडायला खर्च येत नाही, मंजूर करून घ्यायला येतो. ज्याला प्रसिद्धीच हवी त्याचे काम मांडण्यानेच होते. विधेयकातली शिक्षा जितकी अचाट तितका मथळा मोठा; म्हणून मसुदा लिहिणाऱ्याला संयमाचे कारणच उरत नाही. वर्तमानपत्र त्याला मथळा देते, तो पुढचे विधेयक अधिक अचाट करतो. या देवघेवीत कात्रण खिशात घेऊन फिरणाऱ्या माणसाला मात्र कुणी विचारत नाही.

आजच्या घरचेही उदाहरण घ्या. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर कार्यालयाचा फोन न घेण्याचा हक्क नोकरदारांना मिळावा, असे खासगी विधेयक २०१८ च्या अखेरीस लोकसभेत मांडले आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडले. विषय महत्त्वाचा, हेतू चांगला. चर्चेला तोंड फुटावे म्हणून खासगी विधेयकाचा असा उपयोग करणे हा संसदेतला सन्मान्य प्रघातच आहे. पण दोन्ही वेळा जो संदेश मोबाइलवरून फिरला, तो वाचून आता साहेबाचा फोन कापता येईल असे अनेकांना वाटले. स्वातंत्र्यानंतर आपल्या संसदेने फक्त १४ खासगी विधेयके मंजूर केली आणि त्यांतले शेवटचे १९७० साली, ही एक ओळ त्या बातम्यांत ठळकपणे हवी होती. त्या एका ओळीने विधेयकाचे महत्त्व कमी झाले नसते, वाचकाचा गैरसमज तेवढा टळला असता.

अशा गदारोळात खऱ्या बातम्या मागे पडतात, हे दुसरे नुकसान. वीस वर्षांच्या तुरुंगाची चर्चा चालू होती त्याच दिवसांत काय घडत होते पाहा. ३० जानेवारीला इटलीच्या विदा संरक्षण प्राधिकरणाने डीपसीकवर बंदी घातली, कारण वापरकर्त्यांच्या माहितीचे काय करता या प्रश्नाला कंपनीने समाधानकारक उत्तर दिले नाही. टेक्ससच्या राज्यपालांनी, तैवानने आणि ऑस्ट्रेलियाने सरकारी उपकरणांवरून ते हटवले. दक्षिण कोरियाने फेब्रुवारीत नव्याने ॲप घेणे थांबवले आणि काही सुधारणांनंतर एप्रिलमध्ये पुन्हा परवानगी दिली. आपल्या अर्थ मंत्रालयाने २९ जानेवारीच्या सूचनेत कर्मचाऱ्यांना सांगितले की, कार्यालयीन संगणकांवर चॅट-जीपीटी आणि डीपसीक यांसारखी साधने वापरू नका. चिनी आणि अमेरिकी दोन्ही एकाच ओळीत! आणि दुसऱ्याच दिवशी माहिती-तंत्रज्ञानमंत्री अश्विनी वैष्णव म्हणाले की, डीपसीकचे प्रारूप भारतातल्या सर्व्हरांवर ठेवले जाईल.

वरवर यात विसंगती दिसते, पण ती समजून घेण्यासारखी आहे. ॲप वेगळे, प्रारूप वेगळे. ॲपमध्ये तुम्ही टंकलेला मजकूर कंपनीच्या चीनमधल्या सर्व्हरवर जातो; हे कंपनीच्या धोरणातच लिहिलेले आहे. प्रारूप उतरवून आपल्या यंत्रावर चालवले तर तो मजकूर आपल्यापाशीच राहतो. खाणावळीत जेवणे आणि तिथल्या पाककृतीने घरी रांधणे यांत जेवढा फरक, तेवढा हा फरक आहे. पाककृतीतही खोट असू शकते. काही राजकीय प्रश्नांवर हे प्रारूप बीजिंगला रुचेल तेवढेच बोलते. पण धोका कुठला आणि कुठे, हे सांगणे ही खरी बातमी होती. माझ्या भाच्याने यंत्रावर प्रारूप चालवले होते. त्याला या फरकाची बातमी हवी होती, मिळाली ती तुरुंगाची.

आपल्या वाचकाच्या भीतीला आणखी एक मूळ आहे. २९ जून २०२० च्या रात्री केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲप बंद केली. ना विधेयक, ना चर्चा. माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमाखाली एक आदेश निघाला आणि काम झाले. खेड्यापाड्यांतून चित्रफिती करून चार पैसे मिळवणारी मुले एका रात्रीत मोकळी पडली. ज्याने असे झालेले पाहिले आहे, त्याला ‘विधेयक’ हा शब्दही उद्या सकाळच्या कुलपासारखा ऐकू येतो. गंमत अशी की, कुलूप ज्या आदेशांनी लागते त्यांवर लिहिले जाते थोडे. आणि जी विधेयके समितीच्या कपाटात पडून राहतात त्यांच्यावर रकाने भरतात.

मी आता वर्तमानपत्रात नाही. उपदेशाचा अधिकार मला नाही, कारण ‘प्रस्तावित’ शब्द कापणारा हात माझाच होता. पण रात्रपाळीवर बसणाऱ्या तरुण मित्रांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. विधेयक कुणी मांडले आणि बरोबर कोण आहे, हे पहिल्या परिच्छेदात द्या. ते कुठे अडले आहे आणि पुढे किती पायऱ्या आहेत, हे दुसऱ्यात द्या. शिक्षा कुणाला, विकणाऱ्याला की वापरणाऱ्याला, हे स्पष्ट करा. आणि ज्या विधेयकाचा जन्म छापला त्याचा मृत्यूही छापा, चार ओळींत का होईना. आम्हाला शिशाच्या आणि कागदाच्या जागेची सबब होती. आता मथळा पडद्यावर असतो. तिथे ‘प्रस्तावित’ बसतो. बसवत नसाल तर कारण जागेचे नाही.

वाचकांनाही एक विनंती. एखादी भयंकर बातमी आली की तिच्यातले क्रियापद शोधा. ‘झाला’ आहे, ‘होणार’ आहे, की ‘व्हावा असे कुणाला वाटते’ आहे? मराठीने या तिन्हींसाठी वेगळी रूपे दिली आहेत. ती फुकट दिलेली नाहीत.

भाच्याने मार्चमध्ये प्रकल्प नव्याने सुरू केला. त्याच्या प्राध्यापकांनी हसून सांगितले म्हणे, की असल्या विधेयकांना घाबरून आम्ही काम थांबवले तर विभागच बंद करावा लागेल. पण सत्र संपत आले होते. नोंदी अर्ध्याच झाल्या आणि गुण बेताचे मिळाले. बहिणीला मी म्हटले, ‘‘जाऊ दे, तुरुंग तर टळला!’’ ती हसली नाही. म्हणाली, ‘‘दादा, ते होणार नव्हतं हे त्या पेपरवाल्यांना ठाऊक नव्हतं का रे?’’

तिशी उलटून गेली, गिरगावचे ते गृहस्थ आता हयात असण्याचा संभव नाही. प्रश्न मात्र तोच आहे आणि उत्तर अजूनही आमच्याकडेच थकले आहे.